रूपक ताल मोजता येतो? मग प्रोग्रेसिव्ह रॉकही जमेल

प्रोग्रेसिव्ह रॉकची ओळख करून देणारे लेख बहुधा १९६९पासून सुरू होतात आणि १९७४ येईपर्यंत वाचणारा जांभया देऊ लागतो. इथे उलटं करू. आधी कान तयार करायचे, मग आजचे बँड, आणि जुन्यांकडे अगदी शेवटी. नागपुरात महालात, धरमपेठेत, लक्ष्मीनगरात घरटी एखादा तरी तबला-पेटी शिकलेला सापडतो. निदान नाट्यसंगीत तरी कानावरून गेलेलं असतं. अशा घरातल्या माणसाची निम्मी तयारी आधीच झालेली असते. विलंबित ख्यालाला अर्धा-पाऊण तास मांडी घालून बसणाऱ्याने वीस मिनिटांच्या गाण्याला घाबरायचं काही कारण नाही.

आधी शब्दाचा घोळ मिटवू

'प्रॉग' (प्रोग्रेसिव्हचं लघुरूप) म्हणून नेटवर शोधलं की एकाच यादीत एका पायावर उभे राहून बासरी वाजवणारे आजोबा आणि आठ तारांच्या गिटारवर तुटून पडलेली पोरं शेजारी शेजारी दिसतात. नवा माणूस इथेच गोंधळतो. कारण हा शब्द आज दोन अर्थांनी चालतो.

पहिला अर्थ एका विशिष्ट आवाजाचा. किंग क्रिमसनचा 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' ऑक्टोबर १९६९मध्ये आला. पुढच्या पाच-सहा वर्षांत येस, जेनेसिस, जेथ्रो टल या इंग्लिश बँडनी रॉकमध्ये बासरी, ऑर्गन आणि मेलोट्रॉन आणला. मेलोट्रॉन दिसायला पेटीच्या जातीचा. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा आणि त्यावर व्हायोलिनचा, बासरीचा किंवा कोरसचा एकच सूर भरलेला. टेप जेमतेम आठ सेकंदांची, त्यामुळे सूर त्यापेक्षा जास्त धरता येत नाही. तो थरथरता, जरा ओल आल्यासारखा आवाज आजही कुणी वापरला की 'हे सत्तरच्या दशकातलं प्रॉग' असं लगेच ओळखू येतं.

दुसरा अर्थ पद्धतीचा. कडवं, ध्रुवपद, कडवं हा साचा न धरता गाण्याला जे लागेल ते द्यायचं, मग ती लांबी असो, ठेका असो की वाद्य. या अर्थाने प्रोग्रेसिव्ह असलेल्या आजच्या कितीतरी बँडकडे मेलोट्रॉन नाही, बासरी नाही, आणि त्यांची गाणीही चार-पाच मिनिटांत संपतात.

तुम्हाला यातलं कुठलं हवंय हे ठरवल्याशिवाय कुणाच्या शिफारशी घेऊ नका. निम्मी भांडणं याच दोन अर्थांच्या सरमिसळीतून होतात. आमचं मत विचाराल तर दुसरा अर्थ जास्त जिवंत आहे. मात्र नुसता अवघड ठेका म्हणजे प्रोग्रेसिव्ह नव्हे, ती सर्कस झाली. एखादी धून परत येते तेव्हा ती बदलून येते का, आणि तो बदल गाण्याच्या आशयाला धरून आहे का, एवढं बघा.

लांबीमागचं कारण बरंचसं तांत्रिक आहे. एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावत. म्हणून येसचं 'क्लोज टू द एज' (१९७२) पावणेएकोणीस मिनिटांचं आणि रशचं '२११२' (१९७६) वीस मिनिटांचं, दोन्ही एकेक बाजू भरणारी. जेथ्रो टलच्या 'थिक अ‍ॅज अ ब्रिक'मध्ये (१९७२) तर सगळा अल्बम मिळून एकच गाणं. मध्ये उठून रेकॉर्ड उलटावी लागे. सीडी आल्यावर जागा वाढली आणि अल्बम फुगले. ड्रीम थिएटरचा 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' (१९९९) सत्याहत्तर मिनिटांचा आहे. आता स्ट्रीमिंगला मर्यादाच नाही, पण हिशेब उलटा आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजली जाते, मग गाणं तीन मिनिटांचं असो की तेवीस. म्हणजे लांब गाणं लिहिणारा आज तोटा पत्करून लिहितो. तरीही पॉर्क्युपाइन ट्री या बँडच्या स्टीव्हन विल्सनच्या 'द ओव्हरव्ह्यू'मध्ये (२०२५) दोनच रचना आहेत आणि त्यातली पहिली तेवीस मिनिटांची आहे. एलपीची बाजू गेली, सवय राहिली.

पायरी १: कूलर आणि सेटिंग

एप्रिल ते जून नागपुरात कूलर बंद ठेवून गाणी ऐका म्हणणं म्हणजे थट्टाच. पण अडचण खरी आहे. प्रॉगच्या ध्वनिमुद्रणात हळू आणि जोरकस यांत मोठं अंतर ठेवलेलं असतं. सुरुवातीची दोन मिनिटं नुसती तार छेडलेली असते आणि ती कूलरच्या घरघरीत बुडते. आपण आवाज वाढवतो, आणि पुढच्या क्षणी सगळा बँड कानावर आदळतो. पुन्हा कमी, पुन्हा जास्त, असं करत गाणं हातातून जातं.

यावर महागडा हेडफोन लागत नाही. कानात घट्ट बसणारा, रबरी बोंडांचा साधा वायरवाला इअरफोन हजार-दोन हजारांत येतो आणि सुरुवातीला तो पुरे. डब्यात तीन मापांची बोंडं येतात, ती टाकून देऊ नका. बोंड सैल बसलं की फट राहते, फटीतून खर्ज निसटतो आणि बेस गिटार ऐकूच येत नाही. मग 'यात नुसता गोंगाट आहे' असं वाटतं. दोन्ही कानांना वेगळं माप लागणंही अगदी नेहमीचं. फोनच्या स्पीकरवर तर हे संगीत ऐकूच नका, तिथे खर्ज मुळातच नसतो.

फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचं छोटं कन्व्हर्टर लागतं. इथे पैसे वाया जातात. काही कन्व्हर्टरच्या आत आवाजाची चिप असते, काहींच्या आत नुसत्या तारा. तारांवालं स्वस्त कन्व्हर्टर सगळ्या फोनना चालत नाही. ते लावलं की फोन गप्प बसतो आणि आपण इअरफोनला दोष देतो. सीताबर्डीत घ्याल तेव्हा दुकानातच आपल्या फोनला लावून, गाणं वाजवून बघा.

मग अ‍ॅपमधली सेटिंग. शफल बंद. क्रॉसफेडही बंद, कारण त्यात एका गाण्याची शेपटी पुढच्याच्या तोंडात जाते आणि एकमेकांत मिसळत जाणाऱ्या अल्बमची वाट लागते. उलट 'गॅपलेस' चालू ठेवा, नाहीतर सलग वाजणाऱ्या दोन भागांमध्ये क्षणभर शांतता पडते. आवाज सारखा करणारी सोय हवी तर ठेवा, पण त्यातला 'लाउड' हा पर्याय घेऊ नका. तो हळू-जोरकस यांतलं अंतर दाबून टाकतो. फुकट खातं असेल तर लांब अल्बमच्या मध्ये जाहिरात येणार हे गृहीत धरा.

ऐकायची जागा म्हणाल तर रात्री दहानंतरची गच्ची उत्तम. मेट्रोत दर स्टेशनाला घोषणा होते, तेव्हा तिथे हळू सुरुवातीचं काही लावू नका, आधी ऐकलेलं जोरकस काहीतरी लावा.

पायरी २: सात मोजा

हा भाग घाईने उरकू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे.

पिंक फ्लॉइडचं 'मनी' (१९७३) लावा. सुरुवातीला नाण्यांचा, गल्ल्याचा आवाज येतो. तो उगाच नाही, टेपचे तुकडे जोडून केलेलं सात मात्रांचं आवर्तन आहे ते. बेस सुरू झाला की मांडीवर हलकी थाप देत रूपकाचे बोल म्हणा: ती ती ना, धी ना, धी ना. प्रत्येक बोलाला एक थाप. दोन-तीन आवर्तनांत तुमची पहिली 'ती' आणि बेसच्या धुनेची सुरुवात एकत्र यायला लागेल. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रूपकाचं तीन-दोन-दोन हे वजन या धुनेवर तंतोतंत बसत नाही, बोल फक्त सात मोजण्यापुरते घ्या. आणि रूपकात सम 'खाली'च्या, म्हणजे हलक्या मात्रेवर असते; इथे पहिली मात्रा चांगली वजनदार आहे.

सॅक्सोफोनचा तुकडा संपेपर्यंत सात टिकतात. गिटारचा तुकडा सुरू झाला की तुमचे बोल घसरतील. तुमचं काही चुकलेलं नाही, ठेका सातावरून सरळ चारावर आला आहे. गिटार संपली की परत सात. हे घसरणं एकदा अंगाला कळलं की प्रॉगचा मोठा भाग उलगडला असं समजा.

पुढचा धडा पीटर गॅब्रिएलचं 'सॉल्सबरी हिल' (१९७७). जेनेसिस सोडल्यावरचं त्याचं हे पहिलं गाणं. हेही सातात आहे, पण ऐकताना कुठे अडखळल्यासारखं होत नाही, कारण खालचा ढोल प्रत्येक मात्रेवर एकसारखा पडत राहतो. ध्रुवपदाच्या शेवटी मात्र दोन आवर्तनं चाराची येतात. ती पकडून दाखवा.

तिसरा धडा टूलचं 'शिझम' (२००१). बेसची धून पाच आणि सात अशी आळीपाळीने चालते. बेरीज बारा, म्हणजे एकतालाएवढी. पण एकतालाची शिस्त लावायला जाल तर मार खाल. 'एक-दोन-तीन-चार-पाच, एक-दोन-तीन-चार-पाच-सहा-सात' असंच मोजा. पहिल्या दिवशी जमत नाही, तिसऱ्या दिवशी जमतं. आणि सगळं गाणं याच हिशेबावर चालत नाही, मध्ये ठेके बदलतात; तेवढ्यापुरतं मोजणं सोडून द्या.

पुढे मेटलकडे झुकलेले बँड ऐकाल तेव्हा आणखी एक करामत भेटेल. झांज चार-चार मात्रांत सरळ चाललेली असते आणि गिटार पाच मात्रांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवते. दोघे एकत्र सुटतात, मग वेगळे होतात आणि वीस मात्रांनी पुन्हा गाठ पडते. बत्तीस मात्रांत बसवायचं असेल तर पाचाचे सहा तुकडे वाजवून तीस होतात, उरलेल्या दोन मात्रांसाठी सातवा तुकडा मध्येच कापतात आणि सगळे समेवर येतात. तबल्याचा सोलो ऐकलेल्याला हा आनंद समजावून सांगावा लागत नाही. इथे कान गिटारवर ठेवलात तर हरवाल. झांज धरून ठेवा, ती तुमची लेहऱ्याची पेटी, तबल्याच्या सोलोत आवर्तन धरून ठेवणारी.

पायरी ३: पहिले दहा दिवस, पाच गाणी

यादी लहान ठेवली आहे, ती वाढवू नका. प्रत्येक गाण्याला दोन दिवस. पहिल्यांदा काही न मोजता ऐका, दुसऱ्यांदा फक्त ड्रम, तिसऱ्यांदा फक्त बेस.

पॉर्क्युपाइन ट्रीचं 'ट्रेन्स' (२००२) सहा मिनिटांचं आणि सरळ गोड आहे. लेप्रसच्या 'द प्राइस'मध्ये (२०१५) गिटार तुटक-तुटक टोचत राहते आणि वर गायकाचा आवाज लांब ताणलेला. दोन वेगवेगळ्या लयी एकाच वेळी ऐकायची सवय इथे लागते. रिव्हरसाइडच्या 'लव्ह, फिअर अँड द टाइम मशीन' (२०१५) या अल्बममधलं पहिलं गाणं घ्या, जरा दम खाता येईल. मग हेकनचं 'कॉक्रोच किंग' (२०१३), आठ मिनिटांचं आणि खट्याळ. चार-पाच आवाज एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत गातात आणि मध्येच गाणं दुसऱ्याच गल्लीत शिरतं. याला पहिल्यांदा हसू आलं तर उत्तम, तसंच अपेक्षित आहे.

पाचवं 'अ‍ॅनेस्थेटाइज', पुन्हा पॉर्क्युपाइन ट्री (२००७), पावणेअठरा मिनिटं. लांब गाणं नकाशा घेऊन ऐकावं. सुरुवातीची चार-पाच मिनिटं ड्रमवर लक्ष ठेवा. गॅव्हिन हॅरिसन तिथे जे हळू आवाजात करतो ते पुढच्या धुमाकुळापेक्षा कठीण आहे. त्यानंतर रशच्या अ‍ॅलेक्स लाइफसनचा गिटारचा तुकडा, मग सात-आठ मिनिटांचा जड मधला भाग, आणि शेवटची पाच मिनिटं पाण्यासारखी. मधल्या भागात कंटाळा आला तर थांबवू नका. शेवटची पाच मिनिटं त्या जडपणाशिवाय लागत नाहीत. थेट शेवटावर उडी मारून बघा, ते सपक वाटेल.

पायरी ४: आता आपलं दार निवडा

सगळं आवडलंच पाहिजे असं काही नाही. पाचांपैकी कुठलं गाणं आपोआप गुणगुणत होता ते आठवा आणि त्या बाजूला जा.

धून आणि गोष्ट आवडत असेल तर रिव्हरसाइड आणि बिग बिग ट्रेन. रिव्हरसाइड वॉर्साचे. 'सेकंड लाइफ सिंड्रोम' (२००५) जड आणि काळोखा, 'आयडी एंटिटी' (२०२३) जास्त मोकळा. बिग बिग ट्रेन या इंग्लिश बँडला इतिहासातली माणसं आणि यंत्रं यांचं वेड आहे. त्यांचं 'ईस्ट कोस्ट रेसर' (२०१३) हे पंधरा मिनिटांचं गाणं 'मॅलर्ड' या वाफेच्या इंजिनावर आहे, ज्याने ३ जुलै १९३८ला ताशी १२६ मैलांचा, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटरचा विक्रम केला. गाणं इंजिनासारखंच चालतं. आधी माणसं आणि कारखाना, मग हळूहळू वेग, आणि विक्रमाच्या क्षणी पितळी वाद्यं. मोतीबागेचं नॅरोगेज संग्रहालय पाहून आल्यावर हे ऐकायला घ्या, पिस्टनचा हिशेब डोळ्यांपुढे असतो. २०२१मध्ये त्यांचा गायक डेव्हिड लाँगडन गेला. अल्बेर्तो ब्राविन आल्यानंतरचा 'द लाइक्स ऑफ अस' (२०२४) चांगला आहे, पण सुरुवात 'द अंडरफॉल यार्ड'पासून (२००९) करा. याच वाटेवर स्वीडनचे मून सफारी आहेत. सगळे मिळून गातात आणि सूर इतके गोड लावतात की सलग दोन अल्बम ऐकले तर संत्रा बर्फी जास्त झाल्यासारखं होतं.

याच दारातून स्टीव्हन विल्सनचा 'हँड कॅनॉट इरेझ' (२०१५) गाठता येतो. लंडनमध्ये जॉइस व्हिन्सेंट नावाची बाई आपल्या फ्लॅटमध्ये वारली आणि दोन वर्षांहून अधिक काळ कुणाला पत्ता नव्हता. २००६मध्ये ती सापडली. त्या घटनेवरून सुचलेली, मोठ्या शहरात हळूहळू दिसेनाशी होत जाणाऱ्या बाईची ही गोष्ट आहे. हा अल्बम तुकड्यांनी ऐकण्यात अर्थ नाही. सहासष्ट मिनिटं बाजूला काढा आणि शब्द समोर ठेवा.

गळा आवडत असेल तर लेप्रस. नॉर्वेचे, गायक आयनार सोल्बर्ग. 'मलिना' (२०१७), मग 'पिटफॉल्स' (२०१९). दुसऱ्यात गिटार इतकी मागे गेली की जुने चाहते रुसले. नव्यांनी खुशाल तिथूनच सुरुवात करावी. ऑस्ट्रेलियातून कॅलिग्युलाज हॉर्सचा 'चारकोल ग्रेस' (२०२४), ज्यात चार भागांची एक मोठी रचना आहे, आणि पर्थच्या कार्निव्हूलचा 'साउंड अवेक' (२००९). शेवटचा जुना झाला, पण इतका बेसप्रधान अल्बम क्वचितच सापडेल. बोंडं नीट बसली आहेत की नाहीत ते तपासायलाही चांगला. डेन्मार्कच्या व्होलाचा 'विटनेस' (२०२१) छोट्या गाण्यांचा आहे, घाईच्या माणसाला सोयीचा.

गणित आवडलं असेल तर टेसरॅक्टचा 'ऑल्टर्ड स्टेट' (२०१३). ओरडून गाणं त्यात अजिबात नाही आणि वर सांगितलेलं चार-पाचाचं कोडं जागोजागी आहे. शब्दच नको असतील तर टोसिन अबासीचा अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्स हा बँड. आठ तारांच्या गिटार आणि बेसवाला नाहीच, कारण खर्ज त्या गिटारच सांभाळतात. 'द जॉय ऑफ मोशन' (२०१४) घ्या. सिडनीच्या प्लिनीचा 'हँडमेड सिटीज' (२०१६) त्याच वाटेवरचा पण हसरा.

विचित्र हवंय? मग लंडनचे ब्लॅक मिडी, अल्बम 'कॅव्हलकेड' (२०२१). बँड २०२४मध्ये थांबला, अल्बम तेवढे हातात आहेत. त्यांना स्वतःला प्रॉग म्हणवून घ्यायची हौस नव्हती, पण वर सांगितलेला दुसरा अर्थ धरला तर यांच्याइतके प्रोग्रेसिव्ह थोडेच. मेलबर्नच्या किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्डनी २०१७ या एका वर्षात पाच अल्बम काढले. त्यातल्या 'फ्लाइंग मायक्रोटोनल बनाना'साठी गिटारना जादा पडदे बसवून घेतले, म्हणजे कोमल आणि शुद्ध यांच्या मधले सूर वाजतील. श्रुतींची सवय असलेल्या कानाला ते खटकत नाही, बाकीच्यांना बेसूर वाटतं. त्याच वर्षीचा 'पॉलिगोंडवानालँड' त्यांनी फुकट दिला आणि मूळ मुद्रण खुलं करून 'कुणीही रेकॉर्ड छापा' असं सांगितलं. तो या दारातला सगळ्यात सोपा.

आणि पहिला अर्थ, तो सत्तरचा वासच हवा असेल, तर नॉर्वेच्या वॉब्लरचा 'फ्रॉम सायलेन्स टू समव्हेअर' (२०१७). आज कुणी असं वाजवतं यावर विश्वास बसत नाही.

गुरगुरण्याचं काय करायचं

ओपेथ, बिट्वीन द बरीड अँड मी अशा बँडमध्ये गायक घशातून गुरगुरतो. नव्या माणसाचा पाय सगळ्यात जास्त इथेच अडतो. ते शब्द म्हणून ऐकू नका, पखवाजासारखं खर्जातलं एक वाद्य म्हणून ऐका. ओपेथपुरती एक सोपी वाट आहे. 'डॅम्नेशन' (२००३) पूर्ण सरळ गळ्यात आहे. त्यातल्या चालींशी ओळख झाली की 'ब्लॅकवॉटर पार्क' (२००१) घ्या, तिथे तेच मन जड कपड्यांत भेटतं. २०११पासून त्यांनी अल्बममध्ये गुरगुरणं सोडलं होतं, 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'मध्ये (२०२४) ते परत आलं, आणि त्यात जेथ्रो टलचे इयन अँडरसन बासरी वाजवतात. तरीही नाही रुचलं तर सोडून द्या. लाज बाळगायचं कारण नाही.

आपल्याकडचे

इथे ताल समजावून सांगावाच लागत नाही, म्हणून खरं तर सुरुवात इथूनही चालली असती. बंगळुरूचा अगम कर्नाटक संगीतातल्या रचना रॉकच्या अंगाने बांधतो. 'द इनर सेल्फ अवेकन्स' (२०१२) ऐका. कोचीच्या मदरजेनच्या 'मक्तूब'मध्ये (२००८) बैजू धर्मजन गिटारवर गमक घेतो. बंगळुरूचेच पाइनअ‍ॅपल एक्सप्रेस ('पॅसेजेस', २०१८) आणि प्रोजेक्ट मिश्रम अंगात वारं भरल्यासारखे वाजवतात, दोघांना वेगात गंमत आहे. दिल्लीत केशव धरच्या घरच्या स्टुडिओतून सुरू झालेल्या स्कायहार्बरचा 'गायडिंग लाइट्स' (२०१४) टेसरॅक्ट आवडणाऱ्यांनी चुकवू नये, त्यातला गायकही टेसरॅक्टचाच. हिंदी शब्द हवे असतील तर मुंबईचे कोशिश. त्यांचा 'फिरदौस' (२०१३) सलग ऐकायचा कथारूप अल्बम आहे.

शोधताना, विकत घेताना, प्रवासात

'येस', 'टूल', 'हेकन', 'रश' एवढंच टाकून शोधाल तर भलतंच काहीतरी पुढे येतं. बँड आणि अल्बम, दोन्ही नावं टाका. प्रॉगआर्काइव्ज या संकेतस्थळावर अल्बमची प्रचंड नोंद आहे, पण तिथल्या गुणांच्या मागे लागू नका. जुन्यांना झुकतं माप मिळतं. त्यापेक्षा कंपन्यांवर लक्ष ठेवा. जर्मनीची इनसाइडआउट आणि इंग्लंडची केस्कोप. हेकन, लेप्रस, रिव्हरसाइड, कॅलिग्युलाज हॉर्स हे सगळे पहिलीच्या छत्राखालचे. अशा कंपनीने नवा बँड घेतला की निदान एक गाणं ऐकून बघावं.

आवडलं तर बँडकॅम्पवरून विकत घ्या. डिजिटल विक्रीतला पंधरा टक्के वाटा संकेतस्थळ ठेवतं, बाकीच्यातून पैसे पाठवण्याचा खर्च जाऊन उरलेलं बँडकडे किंवा कंपनीकडे जातं. भारतीय कार्ड पहिल्या खेपेला बहुतेक वेळा नाकारलं जातं, कारण कार्डवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा दोन-तीन हजारांवर ठेवा, खरेदी झाली की परत बंद करा. बाहेरून रेकॉर्ड मागवाल तर टपालखर्च आणि सीमाशुल्क आधी जोडून बघा. कित्येकदा ते रेकॉर्डपेक्षा जड होतं.

प्रत्यक्ष कार्यक्रमासाठी नागपूर सोडावं लागतं. पॉर्क्युपाइन ट्री २००९मध्ये आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोत वाजवून गेले, स्टीव्हन विल्सन डिसेंबर २०१६मध्ये पुण्याच्या एनएच-७ वीकेंडरला आला. तेव्हा मुंबई, पुणे, बंगळुरू इथल्या कॉलेज महोत्सवांच्या घोषणा हिवाळ्याआधी चाळत राहा. समृद्धीने गाडी घेऊन निघालात तर ७०१ किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर एकसुरी, तरंगत जाणारं काही लावू नका, डोळा लागतो. त्या रस्त्यावर हेकन लावावा, सारखा वळतो.

शेवटी १९७२

महिना-दीड महिना झाला की मागे जा. आधी पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' पूर्ण, मग जेनेसिसचा 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' (१९७३), मग किंग क्रिमसनचा पहिला, आणि शेवटी येसचा 'क्लोज टू द एज'. जुन्या अल्बमच्या अ‍ॅपवर तीन-चार आवृत्त्या दिसतात. 'रीमास्टर' म्हणजे तयार मिश्रणाचाच आवाज नव्याने घासूनपुसून दिलेला. 'रीमिक्स' म्हणजे मूळ टेपवरची वाद्यं सुटी करून नव्याने जोडलेली. क्रिमसन, येस आणि जेथ्रो टल यांचे रीमिक्स स्टीव्हन विल्सननेच केले आहेत आणि नव्या कानाला तेच सोपे जातात. बेस आणि ड्रम वेगळे काढता येतात. मूळ मिश्रण नंतर ऐका.

'क्लोज टू द एज'च्या सुरुवातीला जवळजवळ मिनिटभर नुसती पाखरं आणि वाहतं पाणी आहे, तेही हळूहळू वर येणारं. कूलर चालू असेल तर पहिले काही सेकंद काहीच ऐकू येणार नाही आणि हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जाईल. तिथे थांबा. पाण्यापाठोपाठ सगळा बँड एकदम अंगावर येतो.